परक्याच्या दाराशीं जाणारी सेवा

पाठाचा भाग : लूक १०:२५–३७. त्याबरोबर लेवीय १९:३३, ३४ हेंहि वाचावें.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपणां सर्वांस तोंडपाठ आहे, आणि तोंडपाठ असल्यामुळेंच त्यांतील एक लहानशी गोष्ट आपल्या नजरेंतून निसटून जाते. तो जखमी मनुष्य वाटेवर अर्धमेला पडला होता. त्याच वाटेवर पुढें एक उतारशाळा होती. तेथें निवारा होता आणि सांभाळ करणारा मालकहि होता. मग उणें काय होतें? उणें होतें तें त्या मनुष्यापासून त्या उतारशाळेपर्यंतचें अंतर. तें अंतर त्याला स्वतःला तुडवितां येण्यासारखें नव्हतें. शोमरोनी त्याच्याजवळ गेला, त्याच्या जखमा त्यानें बांधिल्या, आपल्या जनावरावर त्याला बसविलें, पदरचे पैसे भरले, आणि मी परत येईन असें सांगून तो गेला. याजक व लेवी हे क्रूर होते असें प्रभु म्हणत नाहीं. ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनें गेले, इतकेंच.

आज आम्ही त्या अंतराचा विचार करणार आहों. गांवांत दवाखाना असतो, डॉक्टर असतो, औषधहि असतें. तरी परमुलखांतून आलेल्या कुटुंबास तें पुष्कळदां मिळत नाहीं. असें कां होतें, आणि कोणी त्यांच्या घरीं गेल्यानें तें कसें पालटतें, हें समजावें म्हणून आम्हीं न्यूयॉर्क शहरांतील एक हकीकत निवडली आहे. ती सव्वाशें वर्षांहून जुनी आहे, आणि तींतील मुख्य स्त्री ख्रिस्ती नव्हती. शोमरोनीहि त्या काळच्या धार्मिक लोकांच्या दृष्टीनें बाहेरचाच होता, हें ध्यानांत ठेवून पुढें वाचावें.

सन १८८१ नंतर रशियाच्या साम्राज्यांत यहूदी लोकांवर हल्ले होऊं लागले, आणि इटलीच्या दक्षिण भागांत दारिद्र्य पराकाष्ठेचें होतें. ह्या कारणांनीं लक्षावधि माणसें आगबोटींत बसून अमेरिकेस गेलीं. त्यांतील पुष्कळ जण न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड नांवाच्या भागांत राहिले. तेथील घरें म्हणजे आपल्या मुंबईच्या चाळींसारख्या पांच-सहा मजली इमारती. आंतल्या कित्येक खोल्यांस उजेड ठाऊक नसे. भाडें परवडावें म्हणून दोन खोल्यांत राहणारें कुटुंब आणखी भाडेकरू घरांत घेई. त्याच खोल्यांत शिवणकाम चाले, त्यांतच बाळंतपण होई आणि त्यांतच क्षयाचा रोगी खोकत पडे.

शहरांत रुग्णालयें होतीं. परंतु हे लोक तेथें जाण्यास भीत. ह्या भीतीस आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होऊं नये. तिला कारण होतें. १८९२ च्या जानेवारींत मॅसिलिया नांवाच्या आगबोटींतून रशियांतील यहूदी निर्वासित आले, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यांत टायफस नांवाचा भयंकर ताप दिसून आला. हा ताप उवांमुळें पसरतो. शहराच्या आरोग्यखात्याचे लोक घरोघर फिरले, आणि आजाऱ्यांस व त्यांच्या संगतींत राहिलेल्यांसहि उचलून नदींतील नॉर्थ ब्रदर ह्या बेटावर नेऊन ठेविलें. साथ आटोक्यांत आली हें खरें. परंतु सरकारी मनुष्यानें दार ठोठावलें म्हणजे घरांतील माणूस नाहींसें होतें, ही समजूत त्या गल्ल्यांतून पक्की झाली. शिवाय एलिस बेटावर उतरतांनाच डोळे तपासले जात, आणि १८९७ पासून खुपऱ्या निघाल्या तर मनुष्यास परत पाठविण्याचा नियम कडक झाला. ज्या डॉक्टरनें पापणी उलटून पाहिली त्यानेंच बापाला बोटीवर परत चढविलें, असें ज्या मुलानें पाहिलें, तें मूल मोठें झाल्यावर डॉक्टरकडे आनंदानें कसें जाईल? मग भाषेची अडचण, खर्चाची धास्ती, आणि दवाखान्यांत गेलेल्या दिवसाची बुडालेली मजुरी, हीं सर्व त्यावर आणखी.

१८९३ साली लिलियन वॉल्ड नांवाची सव्वीस वर्षांची एक परिचारिका ह्याच भागांत परदेशांतून आलेल्या बायकांस घरगुती शुश्रूषेचे धडे देत असे. ती स्वतः जर्मनीहून आलेल्या, सुस्थितींतील यहूदी घराण्यांतील होती. एके दिवशीं आजाऱ्याचें अंथरूण कसें घालावें हा धडा चालला असतां एक लहान मुलगी वर्गांत आली आणि माझी आई आजारी आहे, तुम्ही चला, असें म्हणूं लागली. वॉल्डबाई तिच्यामागून निघाल्या. चिखल, कचरा, मोडके दगड, अंधारा जिना, असें करीत लडलो स्ट्रीटवरील एका मागल्या इमारतींत त्या पोहोंचल्या. दोन खोल्यांत सात माणसांचें कुटुंब व वर भाडेकरू. बाप पांगळा. मुलीची आई बाळंत होऊन पडलेली, आणि तिच्या अंथरुणावर दोन दिवसांपूर्वींच्या रक्तस्रावाचें रक्त तसेंच वाळलेलें. वॉल्डबाईंनीं तिला स्वच्छ केलें, अंथरूण बदललें, खोली झाडली. निघतांना त्या घरच्या माणसांनीं त्यांच्या हाताचे मुके घेतले. पुढें त्यांनीं लिहून ठेविलें कीं, ह्या गोष्टीचा त्यांस आनंद झाला नाहीं, लाज वाटली. अशा गोष्टी घडतात त्या लोकांस ठाऊक नाहींत म्हणूनच घडतात, असें त्यांस त्या दिवशीं वाटलें.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ती बाई दवाखान्यापासून फार दूर नव्हती. तिला न्यावयास कोणी नव्हतें, आणि तिच्याकडे यावयासहि कोणी नव्हतें. तिच्यासाठीं वर्गांत जें शिकविलें जात होतें तें तिच्या खाटेपर्यंत पोहोंचविलें तें त्या मुलीनें.

त्याच वर्षीं वॉल्डबाई आपली मैत्रीण मेरी ब्रूस्टर ह्या परिचारिकेसह त्या भागांत राहावयास गेल्या. प्रथम दुसऱ्यांच्या आश्रयानें, मग जेफर्सन स्ट्रीटवरील एका चाळीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर. ह्या गोष्टीवर आम्ही भर देतों. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाहून गाडींत बसून येत नसत. तोच जिना चढत. आजाऱ्याच्या घरच्यांनीं हांक मारली कीं त्या जात. डॉक्टरची चिठ्ठी किंवा कोणा धर्मादाय संस्थेची शिफारस मागत नसत. ज्यांस देववेल त्यांच्याकडून कांहीं सेंटांची फी घेत, म्हणजे घेणाऱ्याची मान ताठ राही. ज्यांस देववत नसे त्यांच्याकडून कांहींच नाहीं. १८९५ साली जेकब शिफ नांवाच्या सावकाराच्या साहाय्यानें हेन्री स्ट्रीटवरील २६५ क्रमांकाचें घर त्यांस मिळालें, आणि तेथून हें काम वाढलें. १९१३ पर्यंत ब्याण्णव परिचारिका वर्षाला सुमारें दोन लक्ष भेटी देऊं लागल्या. एका चाळींतून दुसरींत जातांना पुनःपुनः जिने उतरावे लागूं नयेत म्हणून त्या गच्चीवरून गच्चीवर ओलांडून जात. हातांत पिशवी घेऊन कठडा ओलांडणाऱ्या नर्सबाईचें छायाचित्र प्रसिद्धच आहे.

आतां आमच्या मंडळ्यांतील उपदेशक व बायबल-बाया ह्यांच्यासाठीं एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. ती सांगणें आम्हांस सोपें नाहीं. न्यूयॉर्कमध्यें गरिबांच्या घरीं शिकलेली परिचारिका पाठविण्याचा उपक्रम प्रथम मिशननेंच केला. न्यूयॉर्क सिटी मिशनच्या स्त्रीशाखेनें तो १८७७ साली सुरू केला. ह्याचा आपण योग्य अभिमान धरावा. परंतु वॉल्डबाईंनीं पंधरा-सोळा वर्षांनीं काम आरंभिलें तेव्हां त्यांनीं बुद्धिपुरस्सर ठरविलें कीं, नर्सबाईची सेवा कोणत्याहि पंथाशीं बांधलेली नसावी. रशियांत ज्यांस ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीं बडविलें, लुटलें, घरांतून हांकलून दिलें, ते यहूदी लोक क्रूसाच्या खुणेची पत्रिका घेऊन आलेल्या बाईस दार कसें उघडतील? औषधाबरोबर दुसरें कांहीं मागितलें जाईल ही शंका एकदां मनांत आली कीं मग औषधहि नको होतें.

कोणी म्हणतील, मग साक्ष द्यावयाची नाहीं काय? आमचा अभिप्राय असा आहे कीं, तापानें फणफणलेल्या मनुष्याच्या उशाशीं जो उपदेश केला जातो तो पुष्कळदां त्याच्यासाठीं नसतो, आपल्या मासिक अहवालासाठीं असतो. शोमरोन्यानें त्या जखमी यहूद्यास गरिज्जीम डोंगर श्रेष्ठ कीं यरुशलेम श्रेष्ठ हें विचारलें नाहीं. त्यानें तेल व द्राक्षारस ओतला. आमच्याशीं ह्या बाबतींत मतभेद असणारे पाळक आहेत, आणि त्यांचा आम्ही आदर करतों. तथापि ज्याला उठून जातां येत नाहीं अशा श्रोत्यापुढें बोलणें हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

पुन्हा न्यूयॉर्ककडे वळूं. त्या काळीं शाळेंत वैद्य येत, डोळे आलेलीं किंवा अंगावर फोड असलेलीं मुलें निवडून काढीत आणि हातांत चिठ्ठी देऊन घरीं पाठवीत. आईला ती चिठ्ठी वाचतां येत नसे. मूल रस्त्यावर त्याच वर्गबंधूंशीं खेळे. रोग बरा होत नसे, तो केवळ शाळेबाहेर जाई. १९०२ च्या ऑक्टोबरांत वॉल्डबाईंनीं आपल्याकडील लीना रॉजर्स ह्या परिचारिकेस एका महिन्याच्या प्रयोगासाठीं चार शाळांस दिलें. त्या शाळेंतच फोड धूत, मलम लावीत, आणि संध्याकाळीं मुलाच्या घरीं जाऊन तेंच आईच्या हातून करवून घेत. प्रयोग इतका यशस्वी झाला कीं शहरानें आपल्या खर्चानें आणखी परिचारिका नेमल्या. १९०२ च्या सप्टेंबरांत दहा हजारांवर मुलें शाळेबाहेर काढलीं गेलीं होतीं. पुढच्या सप्टेंबरांत ती संख्या अकराशेंच्या घरांत आली. मलम पूर्वींहि तेंच होतें.

एलिझाबेथ टायलर ह्या नीग्रो वंशाच्या परिचारिकेचें उदाहरणहि असेंच बोलकें आहे. १९०६ साली त्या हेन्री स्ट्रीटच्या कामांत आल्या. दक्षिणेकडील संस्थानांतून व वेस्ट इंडीज बेटांतून न्यूयॉर्कला आलेलीं काळीं कुटुंबें सॅन वॉन हिल नांवाच्या भागांत राहत. त्यांच्याकडून नर्सबाईस बोलावणेंच येत नसे. टायलरबाई बोलावण्याची वाट पाहत बसल्या नाहींत. त्यांनीं चाळींच्या राखणदारांशीं ओळख केली. कोणत्या खोलींत कोण खोकतो, कोणाची बाई दिवसांत आहे, हें राखणदारास ठाऊक असतें. आपल्या देशांत ज्यांच्या आजोबांस दवाखान्याच्या ओट्याखालीं उभें राहून औषध झेलावें लागलें, त्यांस आपल्यांतलीच एक बाई पांढऱ्या पोषाखांत दाराशीं आली म्हणजे काय वाटतें, हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

१९०८ च्या उन्हाळ्यांत शहराच्या आरोग्यखात्यांतील डॉक्टर सारा जोसेफीन बेकर ह्यांनीं हीच रीत सरकारी कामांत आणिली. आजारी मुलांच्या मागें धांवण्याऐवजीं निरोगी मुलांकडे आधींच जावें असें त्यांनीं ठरविलें. जन्माची नोंद झाली कीं लगेच परिचारिका त्या घरीं जाई. मुलास अंगावरचेंच दूध पाजावें, उन्हाळ्यांत घट्ट गुंडाळूं नये, खिडकी उघडी ठेवावी, रोज स्नान घालावें, अशा साध्या गोष्टी ती दाखवून देई. तोपर्यंत उन्हाळा आला म्हणजे त्या भागांत हगवणीनें मुलें पटापट मरत, आणि तें दैवाचें म्हणून लोक गप्प राहत. त्या भागांत आदल्या उन्हाळ्यापेक्षां बाराशें मुलें कमी दगावलीं असें बेकरबाईंनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. पुढें त्यांनीं थोरल्या बहिणींचे मेळेहि केले; कारण आई कारखान्यांत गेली कीं तान्हें मूल आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर असे, आणि त्या पोरीस इंग्रजी येत असे. आईला जें परक्या बाईकडून पटत नसे तें लेकीकडून पटे.

हें सर्व जुनें झालें, आतां तिकडे अशी अडचण कोठली, असें कोणास वाटेल. तसें नाहीं. १९९६ साली अमेरिकेंत एक कायदा झाला. त्यानें त्या वर्षाच्या २२ ऑगस्टनंतर कायदेशीर मार्गानें वस्तीस आलेल्या बहुतेकांसहि, पहिलीं पांच वर्षें, मेडिकेड ह्या गरिबांसाठीं असलेल्या सरकारी वैद्यकीय साहाय्यापासून दूर ठेविलें. केवळ निकडीचा प्रसंग तेवढा वगळला. २००९ साली मुलें व गर्भवती स्त्रिया ह्यांच्यापुरती ही अट सोडण्याची मोकळीक संस्थानांस मिळाली. २०१० साली गर्भवती व लहान मुलांच्या घरीं भेटी देण्याच्या कार्यासाठीं मध्यवर्ती सरकारनें प्रथमच मोठा निधि ठेविला. परंतु २०१९ साली असा नियम काढण्यांत आला कीं, ज्यानें सरकारी साहाय्य घेतलें त्याच्या कायम वास्तव्याच्या अर्जास तें बाधक ठरूं शकेल. तो २०२० च्या फेब्रुवारींत लागू झाला व २०२१ च्या मार्चांत मागें घेतला गेला. त्या थोड्या काळांत, ज्यांस तो नियम लागूच नव्हता अशा कुटुंबांनींहि भीतीनें आपल्या मुलांचीं नांवें काढून घेतलीं. मुलें तर जन्मानें त्याच देशाचीं नागरिक होतीं! नियम पुस्तकांतून जातो, पण मनांतून जावयास त्याला वेळ लागतो. मॅसिलिया बोटीच्या वेळीं जें झालें त्याहून हें निराळें नाहीं. अशा वेळीं घरोघर जाणारी ओळखीची बाईच स्वयंपाकघरांत बसून सांगूं शकते कीं, हें तुम्हांस लागू नाहीं, हें घ्या, भिऊं नका. स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्यांतून असें काम त्यांच्यांतल्याच बाया करतात; त्यांस तिकडे प्रोमोतोरा म्हणतात.

वाचकहो, परका म्हणजे समुद्रापलीकडून आलेलाच असें नाहीं. दिवाळी आटोपली कीं बीड, अहिल्यानगर व शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड करणाऱ्यांच्या टोळ्या पश्चिमेकडील कारखान्यांच्या मुलखांत उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पहांटेपासून फडांत उभें राहावयाचें. त्या बाईच्या गांवीं आशाताई असते. तान्ह्या मुलाच्या घरीं ठरलेल्या दिवशीं भेट द्यावी असा क्रम आपल्या देशांत २०११ पासून आहे : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा व बेचाळिसावा दिवस, आणि बाळंतपण घरीं झालें असल्यास पहिलाहि. ह्या क्रमाचें मूळ आपल्याच गडचिरोलींत आहे. तेथें डॉक्टर अभय व राणी बंग ह्यांनीं गांवच्याच बायांस शिकवून एकूणचाळीस गांवांत घरोघर नवजात मुलांची काळजी घेवविली, आणि नवजात मुलांचें मरण निम्म्याहून खालीं आणिलें. तो वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. परंतु ऊसतोड्याची बायको बाळंत होते ती परगांवच्या फडाशेजारीं. तिच्या गांवची आशा तिच्याजवळ नाहीं, आणि ह्या गांवच्या वहींत तिचें नांव नाहीं.

आमचीच एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांमागें नाताळच्या आठवड्यांत आम्ही दोन सोबत्यांसह अशा एका तळावर पत्रिका वांटावयास गेलों होतों. एका कोपीच्या तोंडाशीं एक तरुण बाई बसली होती. मांडीवर दहा-बारा दिवसांचें मूल. आम्हीं पत्रिका दिली, तिनें ती उलटी धरली. मूल अंगावर पीत नाहीं असें ती म्हणाली. आम्हीं प्रार्थना केली, दवाखान्याचा रस्ता दाखविला, आणि रात्रीच्या गीतांची तयारी राहिली होती म्हणून निघून आलों. दवाखाना चार मैलांवर होता, आणि तिनें त्या गांवीं पूर्वीं कधीं पाऊल टाकिलें नव्हतें. चौथ्या दिवशीं परत गेलों तों टोळी दुसऱ्या फडावर गेलेली. चुलीचे दगड तेवढे जागेवर होते. त्या मुलाचें काय झालें हें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं.

म्हणून ज्या मंडळ्यांच्या शिवारांत टोळ्या उतरतात त्यांनीं हा पाठ रविवारीं वर्गांत वाचण्यापूर्वीं शनिवारीं तळावर एकदां जाऊन यावें. दोघां बहिणींनीं जावें व गांवच्या आशाताईस किंवा अंगणवाडीच्या सेविकेस बरोबर घ्यावें. संध्याकाळीं जावें, कारण दिवसां कोपींत माणूस नसतें. पहिल्या भेटींत फार विचारूं नये. आम्ही कारखान्याकडून आलों नाहीं, हें मात्र आधीं सांगावें. कोण दिवसांत आहे, कितवा महिना, आई-मुलाचें कार्ड बरोबर आणिलें आहे कीं गांवीं राहिलें, मुलास शेवटची लस कोठें टोंचली, एवढें समजलें तरी पुष्कळ. तान्हें मूल पीत नसेल, त्याचें अंग गार किंवा तापलेलें लागत असेल, छाती आंत ओढली जात असेल, किंवा श्वास मिनिटास साठ वेळां वा त्याहून अधिक चालत असेल, तर रस्ता दाखवून परत फिरूं नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि आपण गाडींत बसावें. निघतांना मुकादमास विचारून ठेवावें कीं येथील ऊस संपल्यावर टोळी कोणत्या गांवीं जाणार, म्हणजे ती हलण्यापूर्वीं तेथील आशाताईस व मंडळीस त्या घरच्या बाईचें व मुलाचें नांव कळवितां येईल.